मेघातले आणि मुठीतले

तुमच्या किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा टेबलाच्या खणात एखादा पेन ड्राइव्ह पडलेला असेल. त्यात काय आहे, हे बहुधा तुम्हाला आठवणार नाही. कधी काळी स्वाध्याय छापून आणण्यासाठी तो घेतला होता. पुढे मोबाइलवरूनच सारे पाठवता येऊ लागले आणि तो मागे पडला. फ्लॉपी गेली, सीडी गेली, आता याची पाळी, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. लेखन, छायाचित्रे, गाणी असे सर्व काही ‘क्लाउड’वर असताना ही बोटाएवढी वस्तू जपायची कशासाठी, हा प्रश्न रास्तही आहे. मला मात्र त्याचे उत्तर जागेच्या हिशेबात सापडत नाही. आपण लिहिलेले कोणाच्या हाती आहे आणि आपल्यामागे ते कोणाच्या हाती जाईल, या विचाराकडे तो प्रश्न मला नेतो.

2000 साली ही वस्तू बाजारात आली तेव्हा तिच्यात 8 एमबी एवढाच मजकूर मावत असे. आज हा आकडा वाचून तुम्हाला हसू येईल. परंतु त्या वेळच्या फ्लॉपीत 1.44 एमबी मावत, म्हणजे पाच फ्लॉपींचा ऐवज एकदम खिशात आला होता. गंमत अशी की, क्लाउडच्या एका प्रसिद्ध सेवेचा उगमही या वस्तूच्या विसरण्यातच आहे. ड्रॉपबॉक्सचा एक संस्थापक ड्रू ह्यूस्टन याने सांगितले आहे की, बॉस्टनहून न्यूयॉर्कला बसने जाताना आपला पेन ड्राइव्ह घरी राहिल्याचे त्याच्या ध्यानात आले आणि त्या चडफडाटातूनच ही कल्पना सुचली.

नाव मेघाचे असले तरी या मेघाला पत्ता असतो. कोठे तरी एक इमारत असते, तीत यंत्रांच्या रांगा असतात, त्यांना वीज लागते, गारवा लागतो. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे अशाच एका केंद्राला आग लागली आणि ज्यांच्या दुसऱ्या प्रतीही त्याच आवारात होत्या, अशा काही ग्राहकांचा मजकूर कायमचा गेला. अशा आगी विरळा, हे खरे. अटी मात्र वारंवार बदलतात. गूगलने छायाचित्रांसाठी दिलेली अमर्याद मोफत जागा 1 जून 2021 पासून बंद केली; दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरणही पुढे जाहीर केले. यात फसवणूक नाही. भाड्याच्या घराचे नियम घरमालक ठरवतो, इतकेच.

याचा अर्थ पेन ड्राइव्ह म्हणजे तिजोरी, असा कृपया घेऊ नका. त्याच्या आत अतिसूक्ष्म कप्प्यांमध्ये विद्युत्भार कोंडून ठेवलेला असतो आणि त्या भाराची मांडणी म्हणजेच आपली अक्षरे. कप्प्याच्या भिंती कितीही चिवट असल्या तरी वर्षानुवर्षे न वापरता ठेवल्यास भार हळूहळू झिरपतो; पुसण्या-लिहिण्यालाही मर्यादा असते. शिवाय हरवणे, धुण्याच्या कपड्यांतून पाण्यात जाणे, छपाईच्या दुकानातून विषाणू घरी आणणे हे सारे आहेच. ही प्रवासाची पिशवी आहे. तिला कोठीघर समजू नये.

तरीही तिची गरज मला एका प्रसंगाने पटली. माझे एक ज्येष्ठ सहकारी तालुक्याच्या गावी शिक्षक होते. निवृत्तीनंतर आसपासच्या वाड्यांवर फिरून जात्यावरच्या ओव्या ते टिपून घेत. अलीकडचे सारे काम मोबाइलवरून थेट क्लाउडवर जाई. ते अकस्मात गेले. खात्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. पडताळणीचा क्रमांक ज्या सिमकार्डावर यायचा, ते घरच्यांनी तेरावे उरकताच बंद केले होते. कंपनीकडे अर्ज गेले, कागदपत्रे गेली. उत्तर आले ते छापील होते. ओव्या कोठे तरी सुखरूप होत्या, फक्त कोणालाही दिसत नव्हत्या.

खणात एक जुना पेन ड्राइव्ह निघाला. त्यात आधीच्या आठ-दहा वर्षांचे टिपण होते आणि काही ध्वनिमुद्रणे. फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरे, चिन्हे आणि चौकोन यांची खिचडी! युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी जे अनेक फॉन्ट प्रचारात होते, त्यांच्या संकेतयोजना एकमेकींशी जुळत नसत. तो फॉन्ट यंत्रात नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. मोडी न येणाऱ्या माणसापुढे पेशवे दफ्तरातला रुमाल सोडून ठेवावा, तशी आमची गत झाली. गावातल्या डीटीपीवाल्याने तो फॉन्ट अजून ठेवला होता. त्याने तो घातला आणि ओव्या उमटल्या.

मराठीच्या विद्यार्थ्यांना हे अपरिचित वाटू नये. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली, तेव्हा महानुभावांनी तो ग्रंथ आठवणींतून पुन्हा उभा केला. त्याचे एकाहून अधिक पाठ आज आपण अभ्यासतो. जे टिकले ते अनेकांपाशी विखुरलेले होते म्हणून टिकले. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात लेखनक्रियेवर अख्खा समास खर्चला, तो उगीच नव्हे. नक्कल करणे हे त्या काळी कारकुनी काम नव्हते.

ओव्यांचा सगळा मजकूर आम्ही युनिकोडमध्ये आणला. एक प्रत क्लाउडवर ठेवली आणि तिची किल्ली तिघांकडे दिली. पुण्यातला किंवा लंडनमधला अभ्यासक ती तासाभरात पाहू शकतो, हे सामर्थ्य पेन ड्राइव्हला कधीच येणार नाही. पण ज्या बायकांनी ओव्या गायल्या, त्यांच्यापैकी बहुतेकींकडे ईमेल नाही आणि वाडीवर मोबाइलची रेंज टेकाडावर चढल्याशिवाय मिळत नाही. त्यांच्यासाठी काही पेन ड्राइव्ह भरून नेले. घरोघरी हळदीला गाणी वाजवणारा स्पीकर असतो आणि त्याला ही वस्तू लावण्याची खाच असते.

एका आजींच्या नातवाने तो लगेच लावला. स्वतःचा दहा वर्षांपूर्वीचा आवाज त्यांनी मान किंचित कलती करून ऐकला. तिसऱ्या ओवीला हात वर केला. “ह्ये असं न्हाई,” त्या म्हणाल्या, “माझी आय येगळं म्हनायची. त्या मास्तरला मी घाईत सांगितलं.” मग त्यांनी ती ओवी त्यांच्या आईच्या चालीवर म्हटली. नातवाने ती मोबाइलवर टिपली आणि माझ्याकडच्या लॅपटॉपवरून त्याच पेन ड्राइव्हमध्ये, जुन्या ओवीच्या शेजारी, ‘आजी नवीन’ या नावाने ठेवली. जुनी पुसू का, असे त्याने विचारले. राहू दे, असे आजींनीच सांगितले.