पाडवा, चांदरात आणि नानकटाई

ईदच्या सकाळचा मान शिरखुर्म्याचा. पण आमच्या घरात ईदची चाहूल लागते ती नानकटाईने. रमजानचे शेवटचे दोन-तीन रोजे उरले की वेलची कुटायची, तूप-साखर फेसायला घ्यायची आणि रिकामे डबे उन्हात ठेवायचे, हा अम्मीचा शिरस्ता. पुनावळ्यात नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही मी तो चालू ठेवला आहे. यंदा मात्र या नानकटाईने मलाच एक धडा दिला. शिक्षकाला धडा मिळाला की तो लिहून ठेवावासा वाटतो, म्हणून हे लिहिते आहे.

माझं बालपण फलटणचं. तिथे तेव्हा नानकटाई घरात होत नसे. ओव्हन होता कुणाकडे? मैदा, बेसन, मूठभर रवा, पिठीसाखर आणि डालडा पिशवीत भरून मोहल्ल्याजवळच्या बेकरीवर जायचं. ज्यांना परवडे ते साजूक तूप आणत. भट्टी लाकडाची. पाव भाजून झाले की भट्टीत जी धग उरते, तीच नानकटाईला मानवते, म्हणून आमचा नंबर दुपारनंतर. बेकरीतल्या फरशीवर बायका बसून आपापला गोळा मळत, पेढ्याएवढे गोळे वळत आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडत. सगळे ट्रे एकाच भट्टीत जाणार, म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कुणाची चारोळी, कुणाची टुटीफ्रुटी, कुणी नुसता अंगठा दाबलेला. अम्मी सुरीने हलकी फुली ओढायची.

दिवाळीत आणि मेच्या सुट्टीत हीच फरशी हिंदू बायकांनी भरलेली असे. बेकरीवाले चाचा तेच, ट्रेही तेच. रमजानमध्ये एक अडचण असायची. रोज्यात चाखायचं कुणी? म्हणून अम्मी शेजारच्या काकूंना मुद्दाम सोबत न्यायची. काकू चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून निकाल द्यायच्या, "साखर कमी आहे गं." त्यांच्या शब्दावर आमच्या ईदचा गोडवा ठरायचा. त्या फरशीवर "यात काय घातलंय?" असं कुणी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. गरजच नव्हती. सगळं सगळ्यांसमोर मळलं जात होतं.

ही रीत काही आपल्याकडचीच नाही. इजिप्तमध्ये ईदला 'कहक' नावाची बिस्किटं करतात. तुपातली, वरून पिठीसाखर भुरभुरलेली, आत कधी खजूर तर कधी अक्रोड. तिथेही बायका ट्रे भरून मोहल्ल्याच्या भट्टीवर नेत आल्या आहेत, आणि तिथले ख्रिस्ती लोक हेच कहक नाताळला आणि ईस्टरला करतात. आपल्या नानकटाईचं मूळ सुरतेत असल्याचं सांगतात. डच लोकांच्या मागे राहिलेली भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी घराण्याने चालवली आणि त्यातून ही खुसखुशीत वस्तू आली, अशी कथा आहे. 'नान' शब्द फारसी, अर्थ रोटी. आपल्या पुण्याची श्रूजबेरी बिस्किटं घ्या. नाव इंग्लंडमधल्या गावाचं, ती लोकप्रिय केली कॅम्पातल्या 1955 सालच्या इराणी कयानी बेकरीने, आणि आज पाहुणे ती 'पुण्याची' म्हणून घेऊन जातात.

लाकडाच्या भट्ट्या आता संपत चालल्या आहेत. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत दुसऱ्या इंधनाकडे वळायला सांगितलं. धुराचा त्रास खरा आहे, त्या निर्णयाशी माझं भांडण नाही. पण भट्टीबरोबर ती फरशीही जाते, याची हुरहुर वाटते.

पुनावळे 1997 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आधीचं शेतीचं गाव, आता जिकडे पाहावं तिकडे टॉवर. आमचे हे चाकणच्या कंपनीत. रमजानमध्ये कितीदा तरी त्यांनी रोजा हायवेखालच्या अंडरपासच्या गर्दीत, गाडीतच खजूर खाऊन सोडला आहे. मी पिंपरीत उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. आमच्या मजल्यावर चार दारं, चारही बंद. कुणाच्या घरात काय शिजतं ते वासावरून ओळखायचं.

समोरच्या ताई मला भाभी म्हणतात. स्वभावाने गोड. त्यांचा तिसरीतला मुलगा माझ्या लेकीच्या मागे मागे आमच्या घरात असतो. मागच्या वर्षी, 2024 मध्ये, पाडवा 9 एप्रिलला आणि ईद 11 एप्रिलला होती. मी त्यांच्याकडे शिरखुर्म्याचा वाडगा ताटलीत ठेवून पाठवला. संध्याकाळी वाडगा आणि ताटली परत आली. स्वच्छ घासलेली, आणि रिकामी.

ज्यांना कळायचं त्यांना कळेल. अम्मी म्हणायची, "खाली रकाबी नै देते, बेटा." काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर घालून द्यायची. हीच रीत हिंदू घरांतही आहे, हे मला फलटणपासून ठाऊक. म्हणून ती रिकामी ताटली मनाला लागली. मी कुणाला काही बोलले नाही. फक्त ठरवून टाकलं, आता काही पाठवायचं नाही.

यंदा गुढीपाडवा रविवारी, 30 मार्चला आला, आणि तोच आमचा एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी चांद दिसला तर चांदरात. सकाळी समोरच्या दाराशी गुढी उभी राहिली. कडुलिंबाचा डहाळा, साखरेच्या गाठी, तांब्या, हिरवी साडी. जोहरची नमाज झाल्यावर मी परात काढली.

आठवीतल्या लेकीचा हट्ट होता की यंदा नुसत्या गोल नानकटाया नकोत, चांद-सितारे करून त्यावर रंगीत आयसिंग करायचं. तिने वाटीने गोल कापला, तीच वाटी जरा सरकवून पुन्हा दाबली आणि छान चंद्रकोर निघाली. पण पहिला ट्रे ओव्हनमधून बाहेर आला तेव्हा चंद्रकोरींच्या अर्ध्या भाकऱ्या झालेल्या. नानकटाईचं पीठ भाजताना पसरतं, त्याला आकार नको असतो. मग पुढच्या घाण्यात तूप थोडं कमी केलं, सोडा वगळला आणि कापलेले चांद अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग 160 अंशांवर भाजले. यावेळी टोकं टिकली. आयसिंगलाही अंडं नको. पिठीसाखर, चमचा-दीड चमचा दूध, गुलाबी रंगाला बिटाचा रस. मात्र बिस्किट पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही, नाहीतर साखर वितळून ओघळते.

लेक म्हणाली, "अम्मी, गुढी पण करू? समोर द्यायला."

मी गप्प राहिले. मग वाटलं, द्यावं, पण सोबत चिठ्ठी द्यावी. कागद घेतला आणि लिहिलं, "मैदा, बेसन, रवा, पिठीसाखर, साजूक तूप, वेलची. अंडे नाही." मराठीची शिक्षिका, त्यामुळे शुद्धलेखन चोख. वाचून पाहिलं आणि माझाच मला राग आला. स्वतःच्या शेजाऱ्याला खाऊ देताना जबानी कशाला द्यायची? कागद चुरगाळून टाकला.

तेवढ्यात समोरचा छोटा आत आला. ट्रेकडे बघत म्हणाला, "दीदी, मी एक खाऊ?"

घरात तिघांचे रोजे. चाखणारं कुणी नव्हतंच. देऊन टाकावी असं क्षणभर वाटलं. पण दुसऱ्याच्या लेकराला त्याच्या आईच्या नकळत काही भरवायचं नाही, एवढं मला कळतं. म्हटलं, "आईला विचारून ये."

तो गेला, आणि ताई स्वतः आल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. जरा चाचरत म्हणाल्या, "भाभी, रागवू नका, यात अंडं असतं का?"

चिठ्ठी लिहिताना आलेला राग त्या प्रश्नाने आला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. मी त्यांना आत बोलावलं आणि ओट्यावरचे डबे दाखवले. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमची खीर आम्ही खाल्ली नाही. सासूबाई पाडव्याला आल्या होत्या. आमचं घर माळकरी. खिरीत काही नसतं हे मला कळत होतं, पण भांडं कसलं असेल असं त्यांच्या मनात आलं. मी ती कामाच्या मावशींना दिली. ताटली परत करताना त्यात काय घालावं तेच सुचेना. खाल्लं नाही आणि वर काही घालून कसं द्यायचं?"

देहू-आळंदीच्या या पट्ट्यात राहून मला माळेचा नियम ठाऊक नव्हता असं नाही. तो समोरच्या दारामागे असेल, एवढंच डोक्यात आलं नव्हतं. मोठ्या मनाने "असू द्या हो" म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिथेच अडकले. कारण सोसायटीच्या गणपतीत ताईंनी आणून दिलेले मोदक मला आठवले. देवापुढे ठेवलेलं मी खात नाही, हा माझा नियम. ते मोदक मी हसून घेतले होते, "छान झालेत" असंही सांगितलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मावशींना देऊन टाकले होते. ताटलीत साखर घालून परत केली होती, एवढाच काय तो फरक. म्हणजे त्यांनी रिकामी ताटली खरी दिली, आणि मी भरलेली ताटली खोटी.

मी ते सांगून टाकलं. ताई हसू दाबत म्हणाल्या, "मला माहीत आहे. मावशी दोन्ही घरी काम करतात ना."

मग मात्र आम्ही दोघी खूप हसलो. तीन वर्षं आमच्या दोन घरांचं गोड मावशींच्या घरी सुखाने पोचत होतं.

हसून झाल्यावर कामाचं बोलणं झालं. ताई म्हणाल्या, पुढच्या वेळी नैवेद्य दाखवायच्या आधीच तुमचा डबा बाजूला काढून ठेवीन. मी म्हटलं, नानकटाईची परात आणि ट्रे मी वेगळे ठेवीन, त्यात दुसरं काही होणार नाही. कुणी कुणाचा नियम मोडला नाही, फक्त तो उघड सांगितला. फलटणच्या फरशीवर जे न बोलता होत होतं, ते इथे बंद दारांच्या मजल्यावर बोलून करावं लागतं, एवढाच बदल.

छोट्याने चंद्रकोर खाऊन निकाल दिला, "साखर जास्त झालीय." बरोबर होतं. आयसिंग चढणार हे धरून पिठातली साखर कमी करायला हवी होती.

मगरिबला सगळे गच्चीवर गेलो. मावळतीला नखाएवढी कोर दिसली आणि लेक ओरडली. छोट्याने विचारलं, "आज आमचा पाडवा, मग हा चांद तुमचा कसा?" मी सांगितलं की आदल्या दिवशी अमावास्या झाली. त्याच अमावास्येनंतर तुमचा चैत्र सुरू झाला, आणि हीच कोर बघून आमचा शव्वाल. तुमच्या पंचांगात अधिक महिना येतो, आमच्यात येत नाही, म्हणून दरवर्षी सण असे शेजारी येत नाहीत. त्याला किती कळलं कुणास ठाऊक. तो खिशातल्या दुसऱ्या नानकटाईचा चुरा खात होता.

ईदच्या दुपारी ताटली परत आली. तीत श्रीखंडाची वाटी होती आणि गुढीवरची नव्हे, वेगळी काढून ठेवलेली गाठी. आम्ही ती सगळी खाल्ली. मावशींसाठी त्या दिवशी डबा वेगळा भरला.