टाकीच्या तोंडाशी

मंगळवार, 8 जुलै 2025

गाळप संपून दुरुस्तीचे दिवस आले. साखर कारखान्यावर ठेक्याच्या पोरांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण आज सुरू झालं. एकवीस जण. एकजण नुकताच वारीहून आलेला, तळपायाचे फोड अजून ओले.

टाकीतली हवा चांगली हे कसं ओळखता, म्हणून विचारलं. "वास घेतो की साहेब." सगळी सकाळ या एका उत्तरावर गेली. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजून माणूस आणखी एक पायरी खाली उतरतो.

बुधवार, 9 जुलै

जेवणाच्या सुट्टीत म्हातारे मुकादम शेजारी येऊन बसले. गाव हरिपूर, वडील हळदीच्या पेवांवर कामाला. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. तोंड तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. "हळद आतली हवा खाते," असं वडील सांगायचे. 2005च्या पुरात तिथली बहुतेक पेवं गेली.

दुपारी त्यांनाच ते सगळ्यांना सांगायला लावलं. थांबायचं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. कंदिलाचं मात्र मी लगेच स्पष्ट केलं. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांखाली गेला की आत जायचं नाही, आणि ज्योत त्याच्याही बरंच खाली गेल्यावर विझते. विषारी गॅस तिला कळत नाही. मिथेन असेल तर तीच ज्योत भडका उडवते.

गुरुवार, 10 जुलै

सांडपाण्याच्या रिकाम्या टाकीवर मीटर लावला. झाकण कालपासून उघडंच होतं. नळी तोंडाशी धरली, ऑक्सिजन 20.9. मध्यावर 20.2. तळाशी गाळाजवळ पोचली आणि आकडा घसरत 18.1वर आला, सल्फाइड 14. मीटर किंचाळायला लागला, लाल दिवा लुकलुकायला लागला. एवढा वेळ मोबाईल बघणारी पोरंही पुढे सरकली. वरून बघितलं तर टाकी कोरडी, स्वच्छ दिसत होती.

ब्लोअर पाऊण तास चालवल्यावर तळाचे आकडे सुधारले. तरी माणूस आत असेपर्यंत मीटर त्याच्या छातीवर चालूच पाहिजे. गाळात पाय पडला की दबलेला गॅस पुन्हा सुटतो.

शुक्रवार, 11 जुलै

आज तालीम. हवा तपासलेल्या टाकीत एकाला हार्नेस घालून उतरवलं आणि निपचित पडायला सांगितलं. तोंडाशी राखणीला वारकरी पोरगा. हाक मारली, उत्तर नाही. त्यानं दोर सोडला आणि पाय थेट शिडीवर टाकला. दंडाला धरून मागे ओढला.

मग ज्याबद्दल मी कधी बोलत नाही ते सांगितलं. माझे मामा असेच गेले. शौचालयाच्या टाकीत आधी एक पडला, त्याला काढायला दुसरा, आणि त्या दोघांना काढायला मामा. मामांना पोहता येत होतं, अंगात ताकद होती. टाकीत पाणी गुडघाभरच होतं.

दुसऱ्या खेपेला पोरानं आधी आरोळी ठोकली, मग विंचचं हँडल धरलं. हात थरथरत होते. गडी ट्रायपॉडखाली लोंबकळत वर येईपर्यंत त्यानं हँडल सोडलं नाही.

शनिवार, 12 जुलै

ठेकेदार म्हणाला, बाहेर नुसता उभा राहणाऱ्याची हजेरी मी का भरू? मी 1948च्या कारखाने अधिनियमातलं कलम 36 वाचून दाखवलं. टाकी गॅसमुक्त आहे असं जाणकारानं तपासून लिहून दिलेलं पाहिजे. नसेल तर श्वसनयंत्र हवं, पट्ट्याला दोर हवा, आणि दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं. ते टोक धरणं हेच त्याचं काम, आणि मला विचाराल तर सगळ्यांत मोठं. ठेकेदारानं परमिटवर सही केली.

निघताना वारकरी पोरानं गाठलं. घरच्या विहिरीत मोटार बिघडलीय, वडील उद्या उतरणार आहेत. मीटर कुठून आणू?

वडिलांना तिथूनच फोन लावायला लावला. मी येईपर्यंत कुणी उतरू नका, असं त्यांना सांगितलं. मीटर, दोर आणि ट्रायपॉड गाडीत टाकलेत. सकाळी सातला निघायचंय.