पाणी कुठून येतंय?



बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागला. असो. आज लिहायला बसले त्याला कारण माझी धाकटी जाऊ. परवा डोंबिवलीहून तिचा फोन आला. बेडरूमच्या भिंतीला ओल आली आहे, काळे ठिपके पडलेत आणि कुबट वास येतो. रंगारी म्हणतो, वर एक खास रंग मारून देतो, पाच वर्षं बघायला नको. "ताई, तुमच्या मुलाच्या ह्यूस्टनच्या घरात असंच झालं होतं ना? तेव्हा काय केलंत?" तिला म्हटलं, फोनवर सांगण्यासारखं नाही ते, सविस्तर लिहिते. तर हे तिच्यासाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी.

२०२३ च्या मे महिन्यात मी मुलाकडे ह्यूस्टनला गेले. तो उन्हाळा भयंकर होता. पाऊस जवळजवळ नाहीच, आणि ऊन असं की सकाळी नऊनंतर बाहेर पाऊल टाकवत नसे. दारं-खिडक्या बंद, एसी दिवसरात्र चालू. मी कोकणातली. बुरशी म्हटली की मला आषाढ-श्रावण आठवतो, पापडांवर आलेला भुरा आठवतो. बाहेर जमीन भेगाळलेली असताना घरात बुरशी येईल हे कुणी सांगितलं असतं तरी मी हसले असते.

जूनच्या अखेरीस नातीला खोकला लागला. चिऊ तेव्हा सहा वर्षांची होती. दिवसा ठीक, आणि रात्री झोपली की खोकून खोकून उठायची. डॉक्टरांनी ॲलर्जीचं औषध दिलं, ओढायचा पंप दिला आणि जाता जाता विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" आम्ही तिघांनी एका सुरात नाही म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर सूनबाईला काय वाटलं कोण जाणे, तिने चिऊच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर करड्या-काळ्या ठिपक्यांची रांगोळी उमटलेली! तिने लगेच ब्लीच आणून भिंत पुसली. भिंत स्वच्छ दिसली, आम्हाला हायसं वाटलं. दहा दिवसांत ठिपके पुन्हा हजर.

मग मुलाने एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. तपासणी मोफत होती. तो आला, बॅटरी मारून भिंत पाहिली, दहा मिनिटांत म्हणाला, ही काळी बुरशी आहे, विषारी आहे, अख्खं घर साफ करावं लागेल. हवेचे नमुने घ्यायचे तर तीनशे डॉलर वेगळे, आणि साफसफाईचे नऊ हजार. आजच सही केलीत तर सूट मिळेल. चिऊ शेजारच्या खोलीत खोकत होती. मुलाने पेन हातात घेतलं होतं. सूनबाई म्हणाली, "उद्यापर्यंत थांबू या." तिच्या त्या एका वाक्याचे आम्ही अजून आभार मानतो.

तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं घर २०१७ च्या हार्वी वादळात बुडालं होतं. त्या वादळानंतर ह्यूस्टनमध्ये हजारो घरांना बुरशी लागली, त्यामुळे तिला या सगळ्याची चांगली माहिती. तिने सांगितलं की टेक्ससमध्ये २००३ साली यासाठी कायदा झाला. तपासणी करणाऱ्याचा परवाना वेगळा, साफसफाई करणाऱ्याचा वेगळा, आणि एकाच घरातल्या एकाच कामात दोन्ही भूमिका एकाच कंपनीला घेता येत नाहीत. कारण उघड आहे. साफसफाईतून ज्याला पैसे मिळणार, तो रोग लहान कशाला सांगेल? न्यूयॉर्क राज्यातही २०१६ पासून असाच नियम आहे. पण सगळ्या राज्यांत तो नाही, तेव्हा आपण होऊनच विचारावं: तुम्ही फक्त तपासणी करता, की कामही तुम्हीच घेणार?

मग पाचशे डॉलर भरून फक्त तपासणी करणारे गृहस्थ बोलावले. पन्नाशीचे, शांत. मला वाटलं, आता यंत्रं काढतील. त्यांनी वही काढली. सगळ्यांना बसवून अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. घर कधी बांधलं, छप्पर कधी बदललं, नळाची गळती कधी झाली का, वास कोणत्या वेळी जास्त येतो, खोकला कोणत्या खोलीत वाढतो. आमच्या लहानपणी गावातले वैद्य असेच बसायचे, नाडी नंतर.

मुलाने हवेच्या नमुन्यांचं विचारलं. ते म्हणाले, बुरशी डोळ्यांना दिसते आहे, तेव्हा ती आहे की नाही हे सिद्ध करायला पैसे कशाला घालवता? हवेत बुरशीचे बीजाणू घरात-बाहेर सगळीकडे असतातच. ते अमुक इतके असले म्हणजे घर धोक्याचं, असा आकडा अमेरिकेच्या सरकारने ठरवलेला नाही. तिथलं पर्यावरण खातंही हेच सांगतं की बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते. वास येतो पण काही दिसत नाही, अशा वेळी कधी कधी नमुन्यांचा उपयोग होतो, आणि तेव्हाही बाहेरच्या हवेचा नमुना तुलनेला घ्यावा लागतो. काळा रंग पाहून घाबरू नका, रंगावरून विषारी की साधी ते ठरत नाही. कुठलीही असली तरी काढावीच लागते, आणि काढायची पद्धत तीच.

"खरा प्रश्न एकच आहे," ते म्हणाले, "पाणी कुठून येतंय?"

बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, खाणंही तयार असतं. तिथल्या घरांच्या आतल्या भिंती आपल्यासारख्या विटांच्या नसतात. लाकडाचा सांगाडा, आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कागद चिकटवलेले जिप्समचे पत्रे. तो कागद म्हणजे बुरशीचं आवडतं जेवण. कमी असतं ते फक्त पाणी. ते मिळालं की एक-दोन दिवसांत तिचा संसार सुरू होतो. म्हणून ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा असं सांगतात. आणि पाणी तोडलं नाही तर तुम्ही कितीही पुसा, ती परत येणार.

मग यंत्रं निघाली. एक उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. मला वाटलं यात बुरशी दिसत असेल. तर नाही, त्यात फक्त तापमान दिसतं. ओली जागा थंड असते म्हणून निळसर दिसते. आमच्या भिंतीवर वरून खाली एक निळा ओघळ उतरला होता, थेट छतापासून. मग दोन टाचण्या असलेलं छोटं यंत्र त्यांनी भिंतीच्या खालच्या लाकडी पट्टीला टोचलं. दुसऱ्या खोल्यांत ते दहा-बारा टक्के ओल दाखवत होतं, इथे तीसच्या वर गेलं. आता छतावरून पाणी यायला पाऊस तर नाही. न्हाणीघर दुसऱ्या टोकाला.

ते विचार करत उभे राहिले. मग त्यांनी मुलाला विचारलं, "बाहेर कुठे, खिडकीच्या वर वगैरे, पाणी ठिबकताना कुणी पाहिलंय का?" मुलगा नाही म्हणाला. सूनबाई नाही म्हणाली.

माझं इंग्रजी बेताचंच. पण हा प्रश्न मला नीट समजला, आणि पोटात गोळा आला.

मी पाहिलं होतं. गेल्यावर महिनाभरातच पाहिलं होतं. चिऊच्या खोलीच्या खिडकीवर भिंतीतून एक पाईप बाहेर आलेला आहे, त्यातून टपटप पाणी पडायचं. पुण्यात एसीचं पाणी असंच खिडकीबाहेर पडतं, त्यात विशेष काय? उलट मी कढीपत्त्याची कुंडी उचलून बरोबर त्या धारेखाली ठेवली होती. फुकट पाणी कशाला वाया घालवायचं! रोज सकाळी जाऊन बघायचे, आणि कढीपत्ता चांगला फोफावलाय म्हणून खूश व्हायचे.

मी मुलाला मराठीत सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. "आई, तू सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं, "अरे, त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला कुठे ठाऊक होतं?"

ते गृहस्थ बाहेर आले, कुंडी पाहिली आणि हसले. मग समजावून सांगितलं. तिथे एसीचं यंत्र माळ्यावर असतं. ह्यूस्टनच्या दमट हवेतून ते दिवसाला बादल्या भरतील इतकं पाणी काढतं. ते पाणी जायला एक मुख्य नळी, ती आतल्या आत मोरीच्या पाईपला जोडलेली. ती तुंबली तर घर भिजू नये म्हणून यंत्राखाली एक तसराळं असतं, आणि त्याची दुसरी नळी मुद्दाम खिडकीच्या वर, सहज दिसेल अशा जागी काढलेली असते. तिथून पाणी पडायला लागलं की समजायचं, मुख्य नळी तुंबली आहे, माणूस बोलवा. म्हणजे ते ठिबकणं हीच सूचना होती. आमच्याकडे ती नळी शेवाळाने तुंबलेली, आणि तसराळं एका कोपऱ्यात गंजून फुटलेलं. अर्धं पाणी माझ्या कढीपत्त्याला, अर्धं भिंतीच्या आत.

घर ऐकत नाही असं नाही, ते सांगत असतं. त्याची भाषा मात्र गावोगाव वेगळी. पुण्याची भाषा मी ह्यूस्टनला लावली.

भिंत उघडली तेव्हा आत बुरशी चार फूट रुंद आणि छतापासून जमिनीपर्यंत होती, म्हणजे तीस चौरस फुटांच्या वर. दहा चौरस फुटांपर्यंतचा डाग घरच्या माणसांनी मास्क आणि हातमोजे घालून साफ केला तरी चालतो असं तिथलं पर्यावरण खातं सांगतं. टेक्ससमध्ये सलग २५ चौरस फूट किंवा त्याहून मोठं काम पैसे देऊन करून घ्यायचं तर परवानाधारकच लागतो. तपासणीवाल्यांनी काय करायचं ते लेखी दिलं, दुसऱ्या कंपनीने खोली प्लॅस्टिकने बंद करून ते पत्रे कापून काढले, लाकूड साफ केलं, वाळवलं. मग तपासणीवाले परत येऊन बघून गेले. खर्च नऊ हजारांच्या निम्म्याहून कमी आला. शेवटी एक दाखला मिळाला. बुरशी काढली एवढंच लिहून तो पुरा होत नाही, ती ज्या कारणाने आली ते कारणही दूर झालं, असं परवानाधारकाला त्यात लिहून द्यावं लागतं. मला हे फार आवडलं.

चिऊ महिनाभर माझ्याजवळ झोपली. खोकला हळूहळू गेला. औषधही चालू होतं, तेव्हा श्रेय कशाला किती, ते डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

पण जाऊबाई, खरं लिहायचं ते पुढेच आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती चिऊच्या खोकल्याने नव्हे.

रत्नागिरीच्या घरातली पश्चिमेची खोली तुला आठवत असेल. सासूबाई तिथे झोपायच्या. जांभ्याची भिंत, पावसाळ्यात कमरेपर्यंत ओली. श्रावण आला की त्यांचा खोकला सुरू व्हायचा, रात्रभर. आपण काय करायचो? गणपतीच्या आधी त्या भिंतीला चुना मारायचो. आठ दिवस भिंत पांढरीशुभ्र, येणारेजाणारे म्हणायचे, घर कसं छान ठेवलंय. मग पुन्हा ठिपके. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "या खोलीत मला श्वास पुरत नाही गं." मी म्हटलं, "वय झालं आता, दही-ताक बंद करा." मी शाळेत मुलांना दर आठवड्याला सांगायची, उत्तर पाठ करू नका, कारण शोधा. आणि घरात मी त्यांना पथ्य सांगितलं.

त्या १९८७ साली गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात यांनी कौलं चाळायला माणूस लावला, तेव्हा कळलं की त्या बाजूची पन्हळ मधोमध फाटलेली आहे. पागोळ्यांचं सगळं पाणी वर्षानुवर्षं त्याच भिंतीवर पडत होतं. पन्हळ बदलली, बाहेरून माडाची झापं लावली, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती भिंत कोरडी राहिली. त्यांच्या दम्याला ती भिंतच कारण होती असं मी म्हणत नाही. पण ओलसर घर आणि खोकला, दमा यांचा संबंध आहे हे आता जगभरचे तज्ज्ञ मानतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली त्यावर मार्गदर्शक पुस्तकच काढलं. आपल्याला ते माहीत नव्हतं, कबूल. पण त्या सांगत होत्या, आणि शिडी लावून वर बघायला अर्धा तास पुरला असता.

म्हणून तुला एवढंच सांगते. रंगाऱ्याला दिवाळीपर्यंत थांबव. आधी वरच्या मजल्यावरच्यांच्या मोरीखाली आणि बाहेरच्या भिंतीला तडा आहे का ते बघ. ओल पावसातच येते की बारा महिने असते, हे लिहून ठेव. बारा महिने असेल तर नळाकडे बघ, फक्त पावसात असेल तर बाहेरून. कळत नसेल तर पैसे देऊन जाणता माणूस आण, पण रंग किंवा वॉटरप्रूफिंग विकणारा नको. आणि भाऊजी त्या खोलीत झोपत असतील तर त्यांना आजपासून बाहेरच्या खोलीत झोपव.

कढीपत्ता? तो आता मुलगा नळाचं पाणी घालून जगवतोय. फोनवर चिऊ विचारते, "आजी, तुझं झाड का सुकलं?" मी म्हणते, सुकू दे जरा, तुझी भिंत कोरडी आहे ना!