आकाशाची वर्गणी

'वर्गणी' हा शब्द दारात ऐकू आला, की आपण नेमके आत्ताच बाहेर गेलो असतो तर किती बरे झाले असते, असे प्रत्येक सभ्य गृहस्थाला वाटते. गणपतीची वर्गणी, वाचनालयाची वर्गणी, पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीची वर्गणी! पण त्यांत एक दिलासा असतो. पावती फाडणारा माणूस ओळखीचा असतो आणि त्याच्याशी घासाघीस करता येते. गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात जी वर्गणी चालू आहे, तिला ना पावतीपुस्तक, ना घासाघीस. ती रेडिओची आहे.

आमची आत्या ८४ वर्षांची. दिसते अंधुक, कान मात्र असे तिखट, की जिन्यावरच्या पावलांवरून माणूस ओळखते. तिचा नातू न्यू जर्सीत असतो. तिकडे सिरियसएक्सएमचा वर्गणीचा रेडिओ मोटारीत आणि फोनवरही ऐकायची त्याला सवय. आजीलाही तसेच काहीतरी द्यावे म्हणून त्याने जगभरची स्टेशने एकत्र बांधून देणारे एक ॲप तिच्या मोबाइलवर बसवले आणि वर्षाचे पैसे स्वतःच्याच खात्यातून भरून टाकले.

"रेडिओला कसले पैसे?" असे मी म्हणालो, तर आत्या माझ्यावरच उलटली. "का रे, तुझे आजोबा भरत नव्हते? परवान्याचे पुस्तक घेऊन दरवर्षी टपालकचेरीत जायचे!"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हा परवान्याला वर्षाला १० रुपये पडत. तेवढ्यावर कंपनीचे भागले नाही. १९३० मध्ये तिने गाशा गुंडाळला आणि रेडिओ सरकारच्या पदरात पडला. परवाने मात्र १९८० च्या दशकापर्यंत टिकून राहिले. पुढे वर्ल्डस्पेसने उपग्रहावरून वर्गणीचा रेडिओ आपल्याकडे आणला. अभिजात संगीताला वेगळी वाहिनी, जुन्या गाण्यांना वेगळी, असा थाट होता. तोही ३१ डिसेंबर २००९ ला बंद झाला. वर्गणीवरचा रेडिओ आपल्या मातीला फारसा मानवत नाही, असे दिसते.

पण आजोबांचा परवाना आणि नातवाची वर्गणी यांत एक फरक आहे, आणि तो मला या वर्षी कळला. पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये गीतरामायण सुरू झाले, तेव्हा आत्या तेरा-चौदा वर्षांची होती. वाड्यात रेडिओ एकच, आमचा. त्या वेळेला चौकात माणसांची दाटी होई. परवाना एकाच्या नावचा, ऐकायला सगळा वाडा! आणि केंद्राला त्याचा काही भार पडत नसे. आकाशकंदील गॅलरीत टांगला, की खालून दहा माणसे गेली काय नि शंभर गेली काय, तेल तेवढेच लागते. फोनवरच्या रेडिओचे तसे नाही. तिथे एकेकाला वेगळे वाढावे लागते. ऐकणारा मागणी करतो, मग त्याच्यापुरती आवाजाची एक प्रत तिकडून निघते; साध्या प्रतीच्या आवाजाचीसुद्धा तासाला सुमारे २९ मेगाबाइट भरते. वाटेत थोडी साठवून घेत घेत ती येते, म्हणून उशिराही येते. शेजारच्या दोन खोल्यांत दोन फोन लावून पाहा: तीच निवेदिका स्वतःच्याच मागोमाग बोलू लागते. वेळेच्या ठोक्यांवर भिंतीवरचे घड्याळ लावायची सोय यात राहिलेली नाही!

आत्याने प्रथम गाण्यांच्या वाहिन्या लावून पाहिल्या. चोवीस तास गाणी, मध्ये जाहिरात नाही, बोलणे नाही. चार दिवसांत कंटाळली. "हा रेडिओ नव्हे, नळ आहे," म्हणाली. तिला माणूस बोललेला हवा असतो. गीत कोणाचे, संगीत कोणाचे, फर्माईश कुठल्या गावाहून आली, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय तिला गाणे लागत नाही. म्हणून दिवसभर ती विविध भारती ऐकते, जी प्रसार भारतीच्या ॲपवर फुकट मिळते. हे मी नातवाला कळवलेले नाही.

वर्गणीचे खरे चीज होते ते रात्री. आत्याला पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप नाही. आपल्याकडे तीन वाजतात, तेव्हा न्यूझीलंडमध्ये साडेनऊ-साडेदहाची भर सकाळ असते. तिथले एक स्टेशन ती लावते. इंग्रजी तिला बेताचेच येते, त्यात ते उच्चार! पण उशाशी कोणीतरी ताज्या आवाजात हवापाणी सांगत असते, हसत असते. "तिथे उजाडलेले असते रे," एवढेच ती म्हणाली. या एका वाक्यासाठी मी स्वतःच्या खिशातून ती वर्गणी भरली असती.

गेल्या महिन्यात नातवाचा फोन आला. "आजी, तुला झोप येत नाही का? रोज रात्री तीनला न्यूझीलंड लागलेले दिसते." खाते त्याचे, नुकत्याच ऐकलेल्या स्टेशनांची यादी वेळेसकट त्याच्या फोनवरही उमटते. वेगळे वाढायचे म्हटले, की पान कोणाचे ते ठाऊक असावेच लागते! त्या पोराला काळजी वाटली, त्यात त्याचे काय चुकले? त्याने डॉक्टरांचे नाव विचारले, झोपेच्या गोळ्यांची चौकशी केली. आत्या हूं हूं करीत राहिली.

फोन ठेवल्यावर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजोबांच्या पुस्तकात आम्ही काय ऐकले ते कधी लिहिलेले नसायचे." आणि थोड्या वेळाने, "त्या यादीतले तेवढे तीन वाजताचे खोडता येते का रे?"

खोडता येते. वर्गणी त्याने पुढच्या वर्षाचीही भरली आहे. मी रोज सकाळी चहाचे आधण ठेवतो आणि ते उकळेपर्यंत आत्याच्या फोनवरून न्यूझीलंड पुसून टाकतो.