मेहरुन्निसाला घरे किती?

शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन एक पालक आमच्याकडे आले. नावासाठी चौकोन आखलेले होते आणि खाली सूचना होती, 'एका घरात एकच अक्षर लिहावे.' मुलीचे नाव मेहरुन्निसा. ते म्हणाले, "सर, ये 'न्नि' एकच घर में लिखना क्या?" आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक, बी.एड. झालेले, पण आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही.

मोजून पाहिले. तोंडाने म्हटले तर अक्षरे पाच: मे, ह, रु, न्नि, सा. संगणक मात्रा, वेलांटी, पाय मोडणारे चिन्ह असे सगळे सुटे धरतो, म्हणून त्याच्या हिशेबी अकरा. उर्दूत तर मधले अलिफ आणि लाम लिहितात, पण उच्चारात ते येतच नाहीत!

नोकरीच्या आशेने आम्ही मराठी टंकलेखन शिकलो होतो, मिनिटाला ३० शब्दांचे. गोदरेजने भारतीय बनावटीचा टंकलेखक १९५५ मध्ये आणला, पण बहुतेक यंत्रांवर गाडी प्रत्येक अक्षराला सारखीच सरकते. आमच्या यंत्रावर पूर्ण 'श' किंवा 'ख' नव्हताच. अर्धे अक्षर दाबायचे, मग काना. त्यामुळे 'शेख' हे दोन अक्षरांचे आडनाव चार घरे अडवायचे. वरची मात्रा मात्र फुकटात, तिच्यासाठी गाडी हलत नसे. याच रीतीने मेहरुन्निसाची घरे आठ होतात.

राजूरला पावसाळ्यात संध्याकाळ लवकर मिटते. त्या दिवसांत गणिताची चौकटीची वही घेऊन आम्ही अक्षरे काढायला बसलो. सर्व अक्षरांची रुंदी एकच. संगणकवाले याला मोनोस्पेस म्हणतात. प्रोग्रॅम लिहिताना, आकड्यांचे रकाने लावताना ओळीखाली ओळ नीट बसते, म्हणून हा टंक लागतो. इंग्रजीत बारीक 'आय'ला पाय फोडतात आणि 'एम'च्या तंगड्या आवळतात, की झाले. आमच्याकडे 'र' घरात एकटा पडतो. त्याची शिरोरेघ लांबवली तेव्हा पोकळी जरा भरली. 'ख' आणि 'क्ष' यांचा मात्र जीव गुदमरला. पोट कमी केले तर 'ख' वाचताना 'रव' वाटू लागला. चार रात्री त्या एका 'ख'वर गेल्या.

उर्दूचे तर विचारूच नका. शाळेत आम्ही अक्षर कतांनी मोजायला शिकवतो. कत म्हणजे कलमेच्या टोकाचा एक ठिपका. अलिफ तीन कत उंच, पण रुंदीला कसाबसा एक. शेजारी 'बे' ऐसपैस पसरलेली. त्यात नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून तिरका खाली उतरतो, त्याला चौकोन मानवणार कसा? उर्दूचे टंकलेखक म्हणूनच नस्ख वळणाचे निघाले. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालीक आले, तेही सुटी अक्षरे जुळवून नव्हे. सुमारे १८ हजार जोडआकार आधीच तयार करून यंत्रात भरले होते. आमच्या अब्बांच्या पिढीला तोवर कातिबाच्या हातचेच वर्तमानपत्र ठाऊक होते.

चिनी लिपीत संगणकावर एक अक्षर रोमनच्या दुप्पट जागा घेते आणि त्यात कुणाला गैर वाटत नाही. हे वाचल्यावर आमचा हट्ट सैल झाला. फॉन्टफोर्ज या मोफत प्रणालीत आता साध्या अक्षराला एक घर आणि रुंद जोडाक्षराला दोन, असे करून पाहतो आहोत. पण 'न्नि' आम्ही एकाच घरात कोंबून ठेवला होता. बारीक झाला होता, पण बसला होता.

अर्ज पाच घरांत भरून गेला. पुढच्या आठवड्यात आम्ही वर्गात चौकटीच्या वह्या वाटल्या आणि आपापले नाव देवनागरीत लिहायला सांगितले. त्या मुलीने सहा घरे वापरली. 'न्नि' दोन घरांत पसरलेला, वेलांटी दोन्हींवरून ओढलेली. आम्ही विचारले, "दो घर कायको?" ती म्हणाली, "सर, इसमें दो न हैं ना."

घरी येऊन आम्ही 'न्नि' खोडला. नवा अजून जमलेला नाही. वेलांटीची कमान दोन घरांवर नेली की मधे तुटते.