गालाला टेकलेला फोन

निळ्या प्रकाशापासून चेहरा वाचवणारी क्रीम्स आता तालुक्याच्या मेडिकल दुकानातही मिळतात. फोन पाहून चेहरा काळवंडतो, ही भीती त्यामागे आहे. तिला थोडा आधार आहे. प्रखर दृश्य प्रकाशाने गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढते आणि ते बराच काळ टिकते. गोऱ्या त्वचेवर तोच प्रकाश टाकला तर तसा डाग उठत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे दिसले होते. म्हणजे प्रश्न आपल्यासारख्या रंगाच्या माणसांचाच आहे. पण प्रयोगातले दिवे भयंकर प्रखर होते. फोनच्या स्क्रीनमधून चेहऱ्यापर्यंत पोचणारा निळा प्रकाश भर दुपारच्या उन्हातल्या निळ्या प्रकाशाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी भरतो.

२०२० साली फ्रान्समधल्या संशोधकांनी वांग असलेल्या १२ जणांवर हे थेट तपासले. २० सेंटिमीटरवरचा प्रखर स्क्रीन, रोज ८ तास, ५ दिवस, एवढ्या मात्रेचा प्रकाश त्यांना दिला. वांग वाढला नाही. अभ्यास छोटा आहे, मुदतही थोडी. तरी ‘स्क्रीनसाठी’ म्हणून वेगळे क्रीम विकत घेण्याआधी तो माहीत असावा.

*

वांगाचा खरा वैरी ऊन. पार्सल पोचवणारी मुले चौकात गाडी थांबवतात, स्क्रीन दिसावा म्हणून गॉगल कपाळावर चढवतात आणि भर उन्हात पत्ता शोधत उभी राहतात. त्यांच्या गालांवर, नाकाच्या शेंड्यावर जो काळेपणा येतो तो उन्हाचाच. नकाशा सावलीत उभे राहून पाहिला तरी बराच फरक पडेल. पण त्यांना सावलीत दोन मिनिटे थांबायची सवड मिळते का, हे आपण ऑर्डर देणाऱ्यांनीही स्वतःला विचारायला हवे.

ज्यांना वांग आहे त्यांच्यासाठी एक उपयोगी गोष्ट: रंग नसलेले साधे सनस्क्रीन अतिनील किरण अडवते, दृश्य प्रकाश फारसा अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन लागते. ट्यूबवर घटकांची यादी असते, ती वाचावी. छत्री तर दोन्ही बऱ्याच प्रमाणात अडवते.

*

माझे म्हणणे असे, की फोनने त्वचेला जो त्रास होतो तो मुख्यतः स्पर्शाचा आहे: धातू, घाम, घर्षण, ऊब. याबद्दल कोणी जाहिरात करत नाही, कारण यावरचे उपाय बहुतेक फुकट आहेत.

*

निकेल. फोनच्या कडेच्या धातूतल्या निकेलमुळे गालावर आणि कानापाशी इसब उठल्याची नोंद इटलीतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००० सालीच केली होती. पुढे २००८ मध्ये ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या डॉक्टरांना सांगितले, की गालावर किंवा कानावर कारण न कळणारे पुरळ दिसले तर रुग्णाला फोनबद्दल विचारा. युरोपात निकेलवर मर्यादा आहे: त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. मोबाइल फोनलाही हा नियम लागू आहे.

आपल्याकडे या ॲलर्जीची सुरुवात बहुधा कान टोचल्यावर होते, बेंटेक्सच्या किंवा ऑक्सिडाइज्ड कानातल्यांनी. एकदा शरीराने निकेल ओळखले की ती ओळख जन्मभर पुसत नाही. मग जीन्सच्या बटणाने बेंबीखाली खाज, घड्याळाच्या बकलाने मनगटावर चट्टा, आणि फोनने गालावर पुरळ. घामात निकेल विरघळते, म्हणून कोकणात-मुंबईत हा त्रास जास्त जाणवतो. फसवणारी गोष्ट ही, की पुरळ लगेच उठत नाही. एक-दोन दिवसांनी उठते. तोवर संशय आदल्या दिवशीच्या कोळंबीवर गेलेला असतो.

खात्री करायची तर पॅच टेस्ट. पाठीवर संशयित पदार्थांच्या छोट्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतरही पुन्हा एकदा पाहतात. उपाय मात्र साधा: धातूच्या कडा झाकणारे प्लॅस्टिकचे किंवा सिलिकॉनचे कव्हर. चामड्याचे नको, चामडे कमावताना वापरलेल्या क्रोमियमचीही काहींना ॲलर्जी असते.

*

मनगटावरच्या पट्ट्यांचेही तेच. २०१४ साली फिटबिट कंपनीला ‘फोर्स’ नावाचा पट्टा बाजारातून परत घ्यावा लागला होता, अमेरिकेत सुमारे १० लाख नग. माणसांच्या मनगटांवर लाल चट्टे, काहींना फोड. चिकटवण्याच्या द्रव्यातली ॲक्रिलेट्स हे एक कारण निघाले. पण बहुतेकांच्या मनगटाला खाज सुटते ती पट्ट्याखाली अडकलेल्या घामाने आणि साबणाने. हात धुताना पट्टा काढा, मनगट कोरडे करा, मग घाला.

*

हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन. पुण्यात स्कार्फमध्ये खोचलेला फोन. दोन्हींत गालावर दाब, वर घाम, वर गरम झालेली काच. दाबाने आणि घासण्याने येणाऱ्या मुरमांना त्वचाशास्त्रात १९७५ पासून स्वतंत्र नाव आहे. ॲक्ने मेकॅनिका. एकाच गालावर, जबड्याच्या एकाच बाजूला मुरूम येत असतील तर आधी फोन कुठला हात धरतो ते पाहावे, मग फेसवॉश बदलावा. गाडी चालवताना असे बोलणे जिवावरचे आहे, ते वेगळेच.

*

स्वयंपाकघरातला फोन. मिरच्या चिरता चिरता रेसिपी पुढे सरकवायला बोट स्क्रीनला लागते, आणि दहा मिनिटांनी तोच स्क्रीन गालाला. मिरचीतले कॅप्सायसिन पाण्याने जात नाही, ते तेलात विरघळते. गालाची आग झाली तर साबणाने धुवावे, नुसते पाणी मारत राहू नये. आणि स्वयंपाक करताना बोलायचेच असेल तर फोन स्पीकरवर टाकून ओट्यापासून लांब ठेवावा. खांद्यात दाबून पोळ्या लाटणाऱ्या बाईची मानही त्यामुळे वाचते.

पुसण्याबद्दल: मऊ कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, फोन बंद करून. काचेवर थेट फवारा मारू नये, ब्लीच लावू नये. काच वाळल्याशिवाय गालाला लावू नये.

*

ऊब कमी लेखू नये. ४४ अंश सेल्सिअसची वस्तू हाताला जेमतेम गरम वाटते, पण तीच सुमारे सहा तास एका जागी टेकून राहिली तर भाजते. हे १९४७ पासून ठाऊक आहे. जागा माणूस कूस बदलतो. गाढ झोपलेले मूल, औषधाच्या गुंगीतला रुग्ण, मधुमेहाने पाय बधिर झालेली आजी बदलत नाहीत. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गोधडीत, बाळाशेजारी नको. लॅपटॉप रोज मांडीवर ठेवणाऱ्यांच्या मांडीवर जाळीसारखे तपकिरी वळ उठतात. काश्मीरमध्ये फेरनमध्ये कांगडी घेऊन बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर उठतात तेच हे वळ.

*

फोनमधून येणारे सल्ले सर्वांत महाग पडतात. ‘आठ दिवसांत गोरेपणा’ असे सांगून जे क्रीम सुचवले जाते त्यात बऱ्याचदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासॉल यांसारखे स्टेरॉइड असते. पहिले काही दिवस चेहरा खरोखर उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम आणि केस वाढतात, क्रीम थांबवले की चेहऱ्याची आग होते. अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियमांत केला. तरी ती काउंटरवर मिळतात. ट्यूबवर हे शब्द दिसले तर ती परत करा.

*

चट्ट्याचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवणे ही चांगली सोय झाली आहे, खेड्यांत तर फारच. फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढावा. ब्यूटी मोड बंद. एक जवळून, एक लांबून, शेजारी एक रुपयाचे नाणे.

पण फोटोला चट्टा बधिर आहे की नाही हे कळत नाही. फिकट किंवा लालसर, खाज नसलेला चट्टा फोटोत कोडासारखा, नायट्यासारखा, कशासारखाही दिसू शकतो. डोळे मिटून त्यावर पेनाचे टोक हलके टेकवून घ्यावे. स्पर्श कळला नाही तर कुष्ठरोगाचा संशय घ्यावा. देशाने २००५ अखेर कुष्ठरोग निर्मूलनाचे ठरलेले उद्दिष्ट गाठले, तरी दर वर्षी सुमारे लाखभर नवे रुग्ण सापडतात. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत अजूनही. अशा वेळी मलम लावून, फोटो पाठवून थांबू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. औषध मोफत आहे, सहा महिने किंवा वर्षभराचे, आणि वेळेत सुरू झाले तर हातापायांची बोटे शाबूत राहतात.