नातवाचा बाप्तिस्मा

नातवाच्या बारशाला आमच्या घरी वाद झाला. नावावरून नव्हे, पाण्यावरून!

आम्ही नागपूरचे ख्रिस्ती, घराणे अँग्लिकन पंथाचे. आमच्याकडे तान्ह्या मुलालाच चर्चमध्ये नेऊन पाळकांच्या हातून बाप्तिस्मा देतात. त्यासाठी आजीने शिवलेला पांढरा झगा तीन पिढ्या चालत आला आहे. सूनबाई डहाणूकडची, ब्रेदरन मंडळीतली. तिच्या आजोबांचा बाप्तिस्मा जाणत्या वयात, पाण्यात तीनदा बुडवून झालेला. ती हळूच म्हणाली, "बाबा, बाळाला विश्वास म्हणजे काय ते कळू तरी द्या!"

मी शास्त्र उघडले. 'प्रेषितांची कृत्ये', सोळावा अध्याय. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या अधिकाऱ्याने मध्यरात्री घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतला. "सर्वांत लेकरे आलीच की!" मी ऐटीत म्हणालो.

"यात लेकरू कुठे आहे, बाबा?"

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. खरेच नव्हते! साठ वर्षे हा अध्याय वाचताना मला त्या अधिकाऱ्याच्या बायकोच्या कडेवर एक मूल दिसत आले. गोष्ट सांगताना आजीने ते तिथे ठेवले होते आणि आजीला चर्चने तसेच शिकवले होते. अर्थात घरात मुले नव्हती, असेही शास्त्र म्हणत नाही. सूनबाईने तेही मोकळेपणी कबूल केले. तिचे वाचनही तिच्या आजोबांच्या बोटाला धरूनच चाललेले!

मला १९७० सालचा नोव्हेंबर आठवला. मी कॉलेजात होतो. २९ तारखेला याच नागपुरात, ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये, सहा चर्चे मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. बोलणी १९२९ पासून चाललेली. आमचे अँग्लिकन त्यात होते, ब्रेदरनही होते. बाप्तिस्म्याचा तिढा त्यांनी असा सोडवला: दोन्ही रीती मान्य. ज्या पाळकाच्या मनाला तान्ह्याचा बाप्तिस्मा पटत नाही, त्याच्यावर सक्ती नाही. मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा करायचा नाही.

तेव्हा मला वाटले होते, थोरांनी प्रश्न टाळला. आता वाटते, वाडवडिलांच्या आवाजावाचून शास्त्र कोणालाच वाचता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याच वाडवडिलांचा आवाज तेवढा खरा, हा हट्ट त्यांनी सोडला.

पण नातू एकच. त्याच्यापुरती एकच रीत निवडणे भाग. फराळाचे ताट घेऊन आलेल्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडेही स्मार्त एकादशी निराळी, भागवत निराळी. पण उपास एकाच दिवशी!"

अखेर मीच माघार घेतली. बाळाला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतला. बाप्तिस्मा तो मोठेपणी, स्वतःच्या इच्छेने घेईल. पंचाहत्तरीतला मी तेव्हा असेन की नाही, कोण जाणे! झगा घडी करून पेटीत ठेवताना हात जड झाला, हे लपवत नाही.

नातवाला फिलिप्पैची गोष्ट मात्र मीच सांगणार आहे, कडेवरच्या मुलासकट. मग पुस्तक त्याच्या हाती देऊन म्हणेन, "आता ते मूल शोध पाहू!"